ही गोळी रक्तदाबाची की हृदयाच्या मज्जातंतूंची? अशक्त हृदयाच्या रुग्णाने आपल्या औषधांचे काम कसे समजून घ्यावे

गेल्या पावसाळ्यात आमच्या सदाशिव पेठेतील इमारतीतले एक शेजारी हातात फाईल आणि काखेत रक्तदाब मोजण्याच्या यंत्राची पेटी घेऊन माझ्याकडे आले. मी अनेक वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले, रुग्ण कधी तपासले नाहीत. पण पेठेत एवढे भांडवल फाईल दाखवायला पुरते. त्यांच्या हृदयाचे पंपिंग ३० टक्के होते, औषधे सुरू होऊन चार महिने झाले होते आणि यंत्रावर आकडा दिसत होता १०२/६४. त्यांचा प्रश्न सरळ होता. ‘‘बीपी एवढं खाली आहे, तर मग या बीपीच्या गोळ्या कशाला घ्यायच्या?’’ उत्तराची वाट न पाहता त्यांनी त्यातली एक गोळी चार दिवसांपूर्वी बंदही केली होती. मी त्यांना त्याच दुपारी त्यांच्या डॉक्टरांना फोन करायला लावला.

त्यांची चूक स्वाभाविक होती. औषधांच्या दुकानात, घरात आणि काही वेळा दवाखान्यातही या गोळ्यांना ‘बीपीची गोळी’ असेच म्हटले जाते. परंतु हृदयाची पंपशक्ती घटलेली असते, तेव्हा यांतील बहुतेक गोळ्या रक्तदाबाचा आकडा खाली आणण्यासाठी दिलेल्या नसतात. हृदयाला रात्रंदिवस पिटाळणाऱ्या मज्जातंतूंचा जोर कमी करणे, हे त्यांचे खरे काम असते. आपल्या पिशवीतील प्रत्येक पट्टी या मज्जातंतूंवर काय परिणाम करते हे कसे ओळखावे, घरच्या घरी त्याचा अंदाज कसा घ्यावा आणि डॉक्टरांना नेमके काय विचारावे, ते पुढे सांगितले आहे. कोणतेही औषध सुरू करणे, बंद करणे अथवा त्याची मात्रा बदलणे हा निर्णय डॉक्टरांचाच आहे. येथे दिलेली माहिती त्यांच्याशी नीट बोलता यावे एवढ्यासाठीच आहे.

आधी दोन शब्दांचा घोळ मिटवू

मराठीत ‘हार्ट फेल झालं’ असे आपण माणूस गेल्यावर म्हणतो. त्यामुळे रिपोर्टवर ‘हार्ट फेल्युअर’ वाचले की घरातील माणसांचा धीर सुटतो. वैद्यकात मात्र त्याचा अर्थ एवढाच, की हृदय शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलू शकत नाही, किंवा ते ढकलताना त्याच्या आतील दाब वाढून फुप्फुसांत आणि पायांत पाणी साठते. पंपिंग ३० टक्के आहे म्हणजे ७० टक्के हृदय गेले असेही नाही. डाव्या जवनिकेत, म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात, भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती भाग बाहेर पडतो, त्याचा तो आकडा आहे आणि निरोगी हृदयातही तो शंभर कधीच नसतो, साधारण ५५ ते ७० असतो. ४० किंवा त्याहून कमी असेल तर पंपशक्ती घटली असे धरतात, आणि पुढील बहुतेक विवेचन याच गटातील रुग्णांविषयी आहे.

दुसरा घोळ ‘नस’ या शब्दाचा. ‘नस ब्लॉक आहे’ म्हणताना आपल्याला रक्तवाहिनी अभिप्रेत असते आणि ‘नस दबली’ म्हणताना मज्जातंतू. या लेखातील नस म्हणजे मज्जातंतू. अँजिओग्राफीत दिसणारी रक्तवाहिनी नव्हे. हृदयाकडे असे दोन प्रकारचे तंतू जातात. पाठीच्या कण्यालगतच्या गाठींतून येणारे अनुकंपी तंतू हृदयाचा वेग आणि जोर वाढवतात, तर मेंदूतून थेट उतरणारे परानुकंपी तंतू वेग आवरतात. पहिल्यांना टाच म्हणावे, दुसऱ्यांना लगाम.

हे तंतू एवढे खवळतात कशामुळे?

मानेतील मोठ्या धमन्यांत आणि महाधमनीच्या कमानीत ताण मोजणारे सूक्ष्म संवेदक असतात. रक्ताचा दाब आणि लाट नीट असेल, तर धमनीची भिंत ताणली जाते आणि हे संवेदक मेंदूच्या बुडाशी असलेल्या लंबमज्जेला ‘सर्व ठीक आहे’ असा निरोप देत राहतात. हृदय अशक्त झाले, की ही लाट मंदावते, निरोप क्षीण होतो आणि लंबमज्जा त्याचा एकच अर्थ लावते: शरीरातून रक्त वाहून जात आहे. माणसाच्या पूर्वजांना जखमा होत असत, हृदयाचा दीर्घकाळचा अशक्तपणा हा मात्र दीर्घायुष्याचा आजार आहे. त्यामुळे आपली यंत्रणा पहिल्या संकटासाठी घडलेली आहे. ती अनुकंपी तंतूंना हुकूम सोडते, हृदय जोरात पळू लागते, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि मूत्रपिंडांतून रेनिन नावाचे द्रव्य बाहेर पडते. रेनिनमुळे पुढे अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन ही द्रव्ये तयार होतात, त्यांच्यामुळे मीठ आणि पाणी शरीरात अडते.

रक्तस्रावात ही व्यवस्था जीव वाचवते, कारण ती काही तासांपुरती असते. अशक्त हृदयात ती महिनोन्‌महिने चालू राहते. अनुकंपी तंतूंच्या टोकांतून नॉरअॅड्रेनालीन हे रसायन झिरपत राहते. एरवी त्यातील बराच मोठा भाग तीच टोके पुन्हा शोषून घेतात. आजारी हृदयात ही परतीची वाट अरुंद होते, तंतूंच्या आतील साठा घटतो आणि बाहेर मात्र रसायनाचा पूर राहतो. सततच्या ओरडण्याने कान बधिर व्हावेत, तसे हृदयाच्या पेशींवरील बीटा ग्राही, म्हणजे या रसायनाचा निरोप घेणारी ठिकाणे, संख्येने कमी होतात. पेशी झिजतात, हृदय फुगते, ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका वाढतो. रक्तातील नॉरअॅड्रेनालीन जितके जास्त, तितके रुग्णाचे भवितव्य वाईट, हे अमेरिकेतील जे. कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवले आणि तेव्हापासून उपचाराचा रोख बदलला. त्याआधी थकलेल्या हृदयाला आणखी टाच मारणारी औषधे देण्याकडे कल होता.

या तंतूंची हालचाल मोजण्याचे मार्ग आहेत. गुडघ्याजवळच्या मज्जातंतूत बारीक सुई घालून त्यातील विद्युत्‌संदेश नोंदवता येतात. ते संशोधनाचे काम. दुसरा मार्ग म्हणजे एमआयबीजी स्कॅन. नॉरअॅड्रेनालीनसारखी रचना असलेल्या द्रव्याला किरणोत्सर्गी आयोडीन जोडून ते शिरेतून देतात आणि साधारण पंधरा मिनिटांनी व पुन्हा चार तासांनी छातीचे चित्र घेतात. तंतूंची टोके निरोगी असतील तर द्रव्य हृदयात टिकून राहते, खवळलेली असतील तर लवकर धुऊन निघते. हृदयातील आणि छातीच्या मधल्या भागातील प्रमाण १.६ पेक्षा कमी असणाऱ्यांना धोका अधिक असतो, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत आढळले. बीटा ब्लॉकर, अँजिओटेन्सिन रोखणारी औषधे आणि स्पायरोनोलॅक्टोन (या तिन्हींची ओळख पुढे येते) काही महिने घेतल्यावर या चित्रात सुधारणा होते, हे निरनिराळ्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे गोळीचा परिणाम दंडावरच्या पट्ट्यापुरता नसून हृदयाच्या तंतूंपर्यंत पोहोचतो. मात्र रोजच्या उपचारासाठी हा स्कॅन लागत नाही, म्हणून कोणी तो सुचवला नाही याची खंत करू नये.

पट्ट्या टेबलावर मांडा

आता औषधांची पिशवी उघडावी आणि पट्टीवरील मोठ्या अक्षरातले कंपनीचे नाव सोडून त्याखालच्या बारीक अक्षरातले औषधाचे नाव वहीत उतरवून घ्यावे. चष्मा आणि भिंग दोन्ही लागतील. औषधाचे खरे नाव इतके बारीक का छापतात हे मला आजवर कळलेले नाही.

पहिल्यांदा नावाच्या शेवटी ‘ओलोल’ अथवा ‘इलोल’ असलेली गोळी शोधावी. हे बीटा ब्लॉकर. अनुकंपी तंतू ओरडत असले, तरी हृदयाच्या पेशीला ते ऐकू येऊ नये, अशी सोय ही गोळी करते; आणि हृदय सावरू लागले की पुढे ते ओरडणेही कमी होत जाते. अशक्त हृदयाला ही गोळी देणे एकेकाळी वर्ज्य होते. स्वीडनमधील गोटेनबर्गच्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये अवघ्या सात रुग्णांचा अनुभव छापला, तेव्हा त्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे १९९९ मध्ये बिसोप्रोलोल आणि मेटोप्रोलोल सक्सिनेट यांच्या दोन मोठ्या चाचण्यांत मृत्यूंचे प्रमाण प्रत्येकी सुमारे ३४ टक्क्यांनी घटले आणि २००१ मध्ये कार्वेडिलोलच्या चाचणीत, अधिक आजारी रुग्णांतही, ३५ टक्क्यांनी घटले. पंपशक्ती घटलेल्या रुग्णांसाठी भक्कम पुरावा आहे तो या तिघांचा. वयस्कर रुग्णांसाठी नेबिव्होलोलचाही आधार घेतला जातो. अॅटेनोलोल ही आपल्याकडे रक्तदाबासाठी घरोघरी असलेली गोळी या यादीत नाही. ती पिशवीत दिसली, तर ‘ती बदलायची का’ एवढे डॉक्टरांना अवश्य विचारावे. मेटोप्रोलोलच्या पट्टीवर ‘सक्सिनेट’ आहे की ‘टार्ट्रेट’ तेही पाहावे. चाचणीत सिद्ध झालेली दीर्घकाळ झिरपणारी गोळी सक्सिनेटची आहे. ती चावून किंवा कुटून घेऊ नये, कारण त्यामुळे दिवसभराची मात्रा एकदम अंगात उतरते. कार्वेडिलोल जेवणासोबत घ्यावी, म्हणजे उठताना चक्कर येण्याचा त्रास कमी होतो.

या गोळीबाबत सर्वांत अधिक समजून घेण्याजोगी गोष्ट म्हणजे तिचा पहिला महिना. टाच अचानक काढून घेतल्यावर घोडा काही काळ रेंगाळतो, तसा रुग्णाला सुरुवातीला थकवा जाणवतो, कधी पायांवर सूज वाढते आणि ‘या गोळीने मी आणखी आजारी पडलो’ अशी खात्री होते. म्हणूनच ती अगदी थोड्या मात्रेने सुरू करतात: बिसोप्रोलोल १.२५ मिलीग्रॅमने, कार्वेडिलोल ३.१२५ मिलीग्रॅम दिवसातून दोनदा. अंगात साठलेले पाणी उतरल्यावर आणि सहसा दोन आठवड्यांहून आधी नाही, अशा टप्प्यांनी ती वाढवत बिसोप्रोलोल १० मिलीग्रॅमपर्यंत आणि कार्वेडिलोल दिवसातून दोनदा २५ मिलीग्रॅमपर्यंत, किंवा रुग्णाला सोसेल तिथपर्यंत नेतात. पंपिंगमधली सुधारणा दिसायला तीन ते सहा महिने लागतात. ‘दोन आठवडे घेतली, काही फरक नाही’ या वाक्याला इथे काही अर्थ नाही.

दुसरा गट ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ यांचा: एनालाप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, व्हल्सार्टन वगैरे. अँजिओटेन्सिन केवळ रक्तवाहिन्या आवळत नाही. ते अनुकंपी तंतूंच्या टोकांना अधिक नॉरअॅड्रेनालीन सोडायला लावते आणि मेंदूतील केंद्रांनाही चिथावते. प्रिल ते तयार होऊ देत नाही, सार्टन त्याला जागेवर बसू देत नाही. या गटाची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: रक्तदाब उतरतो, पण त्याची भरपाई म्हणून नाडी वाढत नाही. १९८७ मध्ये स्कँडिनेव्हियातील अतिशय आजारी रुग्णांवर एनालाप्रिलचा गुण दिसला, तेव्हापासून ही औषधे उपचाराच्या पायाशी आहेत. प्रिलने कोरडा खोकला येतो आणि तो सर्दीचा समजून लोक महिनाभर काढे पीत बसतात. खोकला येत असेल तर सार्टनचा पर्याय असतो. ओठ किंवा जीभ सुजली, तर मात्र गोळी थांबवून थेट रुग्णालय गाठावे. सार्टनच्या गटातच सॅक्युबिट्रिल आणि व्हल्सार्टन यांची जोडगोळी येते, जी २०१४ च्या चाचणीत एनालाप्रिलपेक्षा सरस ठरली. प्रिल बंद केल्यापासून ३६ तास उलटल्याखेरीज ती सुरू करायची नसते. घरात प्रिलची जुनी पट्टी उरली असेल, तर ती पिशवीतून काढून टाकावी.

तिसरी गोळी स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन. हिला लोक ‘लघवीची गोळी’ म्हणतात, पण इथे दिली जाणारी २५ मिलीग्रॅमची मात्रा प्रामुख्याने लघवीसाठी नसते. अल्डोस्टेरॉनमुळे नॉरअॅड्रेनालीन परत शोषून घेण्याची क्रिया अडते, हृदयाच्या स्नायूत व्रणासारखा कठीण, तंतुमय भाग वाढतो. ही गोळी ते रोखते. १९९९ च्या चाचणीत तिने मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी केले. तिचा धोका पोटॅशियम वाढण्याचा. प्रिल किंवा सार्टन सोबत असेल, तर तो दुप्पट लक्ष देण्याचा विषय आहे. सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्तातील आकडा) तपासून घ्यावे आणि पोटॅशियम ५.५ च्या पुढे दिसले, तर रिपोर्ट घेऊन पुढच्या भेटीची वाट पाहत बसू नये.

डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन दिसले, तर ‘मला मधुमेह नाही, ही कशी आली’ असे घाबरू नये. ती हृदयासाठीही असते आणि रक्तदाब थोडा उतरवूनही नाडी वाढवत नाही.

तंतूंना डिवचणाऱ्या पट्ट्या

रक्तदाब उतरवणारी प्रत्येक गोळी मज्जातंतूंना शांत करते, असे मात्र नाही, आणि सगळा घोटाळा इथे होतो. रक्तवाहिनी एकदम सैल करणारे औषध घेतले, की दाब उतरतो, मानेतील संवेदक घाबरतात आणि अनुकंपी तंतू आणखी जोर करतात. लवकर विरघळणारी निफेडिपिनची कॅप्सूल हे याचे ठळक उदाहरण. ती जिभेखाली फोडून देण्याची पद्धत एकेकाळी होती, आता नाही. अॅम्लोडिपिन हळूहळू चढते, त्यामुळे ती एवढी उपद्रवी नाही. अशक्त हृदयात तिने आयुष्य वाढत नाही आणि घटतही नाही. मात्र तिने घोट्यांवर सूज येते आणि ती हृदयाची सूज समजून पाण्याच्या गोळ्या वाढवल्या जातात, हे मी तीन-चार घरांत पाहिले आहे. डिल्टियाझेम आणि व्हेरापॅमिल हृदयाचा जोरच कमी करतात, म्हणून पंपशक्ती घटलेल्यांना ती टाळतात.

प्राझोसिन आणि डॉक्साझोसिन ही जुन्या पिढीची औषधे काही वृद्धांना प्रोस्टेटसाठी दिलेली असतात. अमेरिकेतील एका फार मोठ्या चाचणीत डॉक्साझोसिनचा गट २००० मध्ये मध्येच थांबवावा लागला, कारण त्या गटात हृदय अशक्त होण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट दिसले. लघवीचे डॉक्टर आणि हृदयाचे डॉक्टर एकमेकांची चिठ्ठी पाहतीलच असे नाही. ती दाखवण्याचे काम रुग्णाचे.

मग तंतूंचा आवाज थेट मेंदूतच बंद केला तर? हा विचार मोठ्या उत्साहाने तपासला गेला आणि अंगाशी आला. मेंदूतून अनुकंपी हुकूम कमी करणाऱ्या मॉक्सोनिडिनच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ५४ जण दगावले आणि औषध न घेणाऱ्यांपैकी ३२, त्यामुळे चाचणी मुदतीआधी थांबवली. निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. क्लोनिडिन याच जातीचे, आणि ते अचानक बंद केल्यास रक्तदाब उसळतो हा त्याचा आणखी एक दोष. मला या चाचणीचे महत्त्व फार वाटते. अशक्त हृदय काही प्रमाणात त्या टाचेवरच उभे असते. ती हळूहळू सैल करायची असते, एका झटक्यात काढायची नसते.

येथे सर्पगंधेचा उल्लेख करणे भाग आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या रक्तदाबावरील गुणाविषयी लिहिले आणि या वनस्पतीकडे जगाचे लक्ष गेले. तिच्यातील रिसर्पिन अनुकंपी तंतूंच्या टोकांतील नॉरअॅड्रेनालीनचा साठाच रिकामा करते. औषध म्हणून ते खरेखुरे सामर्थ्यवान आहे, आणि म्हणूनच ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ असे म्हणत बीटा ब्लॉकरच्या जोडीला सर्पगंधेची वटी घेणे घातक आहे. नाडी अतिशय मंदावू शकते, मनही खिन्न होते. पुण्यात दोन्ही पॅथींचे उपचार एकाच वेळी घेणारी घरे पुष्कळ आहेत. त्यांनी दोन्ही वैद्यांना एकमेकांची यादी दाखवावी.

राहिली फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड ही पाण्याची गोळी. दम आणि सूज उतरवण्यात तिच्यासारखी दुसरी नाही. पण गरजेपेक्षा जास्त पाणी गेले, की रेनिन वाढते, तंतू पुन्हा खवळतात आणि तोंड कोरडे, नाडी जलद, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी, असे चित्र दिसते. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत, किंवा जुलाब-उलट्या झाल्यावर हे हमखास घडते. अशा दिवसांत गोळी किती घ्यायची, हे आधीच डॉक्टरांना विचारून वहीत लिहून ठेवावे.

वही कशी ठेवावी

मज्जातंतूंची हालचाल घरी मोजता येत नसली, तरी त्यांची सावली घरात दिसते, ती नाडीत. सकाळी शौचास जाऊन आल्यावर, चहा आणि गोळ्या यांच्या आधी, एकाच काट्यावर वजन करावे. मग पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे आणि मिनिटाच्या अंतराने दोनदा रक्तदाब घ्यावा. लगेच उभे राहून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्यावा. नाडी यंत्रावर दिसते, परंतु ठोके अनियमित असतील तर यंत्र फसते, म्हणून मनगटावर बोटे ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजावेत. दवाखान्यातील आकड्यापेक्षा हा आकडा अधिक खरा असतो. जुन्या वाड्यातील पहिल्या मजल्यावरचा दवाखाना, तो अरुंद जिना आणि वर गेल्याबरोबर दंडाला बांधलेला पट्टा, यातून येणारा आकडा हृदयाचा कमी आणि जिन्याचा जास्त असतो.

आता आकडे एकत्र वाचावेत. रक्तदाब उतरला, नाडी ५५ ते ७० च्या घरात स्थिर आहे, चक्कर नाही आणि दम कमी झाला आहे, तर आकडा १०० च्या आसपास असूनही औषधे आपले काम करीत आहेत. माझ्या शेजाऱ्यांचे नेमके हेच होते. रक्तदाब उतरला आणि नाडी मात्र आठवडाभर वाढत गेली, तर तंतू कशाने तरी डिवचले गेले आहेत: पाणी कमी पडले, पाण्याची गोळी जास्त झाली, रक्त घटले, ताप आहे किंवा रक्तवाहिनी सैल करणारे नवे औषध आले. वजन तीन दिवसांत दोन किलो वाढले आणि त्यासोबत नाडीही वाढली, तर पाणी साठत आहे. त्याच दिवशी फोन करावा. नाडी ५० च्या खाली गेली आणि ग्लानी किंवा अंधारी येत असेल, अथवा वरचा रक्तदाब ९० च्या खाली जाऊन चक्कर येत असेल, तरीही फोन करावा. शुद्ध हरपली, झोपता येऊ नये एवढा दम लागला किंवा छातीत दुखू लागले, तर वही बाजूला ठेवून १०८ ला फोन करावा. ज्यांच्या हृदयाची लय कायम अनियमित आहे, त्यांच्यासाठी नाडीचे आकडे वेगळे असतात. ते आपल्या डॉक्टरांकडून घ्यावेत.

डॉक्टरांपुढे वही ठेवून प्रत्येक पट्टीविषयी एकच प्रश्न विचारावा: ‘‘ही रक्तदाबासाठी आहे की हृदयासाठी?’’ रक्तदाब फार खाली असेल, तर पहिली कात्री कोणत्या गोळीला लावायची, हे या उत्तरावर ठरते. अनेकदा अॅम्लोडिपिन किंवा जास्त झालेली पाण्याची गोळी कमी करून बीटा ब्लॉकर आणि सार्टन टिकवता येतात. घरी मात्र नेमके उलटे घडते.

घरात शिरणारे इतर उपद्रव

बीटा ब्लॉकर अचानक बंद केल्यास काय होते, हे स्वतंत्रपणे सांगायला हवे. गोळी चालू असताना हृदयाच्या पेशी गमावलेले ग्राही काही प्रमाणात परत मिळवतात. गोळी थांबली, की त्या वाढलेल्या ग्राहींवर नॉरअॅड्रेनालीन एकदम आदळते. गणपतीला कोकणात जाताना पट्टी पुण्यात राहिली, दिवाळीत दुकान बंद निघाले, दुपारी एक ते चारच्या दरम्यान गोळी संपल्याचे लक्षात आले, अशी कारणे मी ऐकली आहेत. दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या, की नवी पट्टी आणण्याचा नियम ठेवावा. मोतीबिंदूची किंवा कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, तर स्वतःहून गोळी बंद न करता भूलतज्ज्ञांना विचारावे.

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत फिनाइलएफ्रिन असते आणि ते अनुकंपी तंतूंचेच काम करते. दुकानदाराकडे ‘सर्दीची काहीतरी द्या’ म्हणू नये. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतल्यास पाणी अडते, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि प्रिल-सार्टनचा गुण मारला जातो. लोणचे, पापड, फरसाण, बाकरवडी यांतले मीठ हिशेबात धरावे. त्यावर उपाय म्हणून आणलेले ‘लो सोडियम’ मीठ पोटॅशियमयुक्त असते, आणि आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक पुणेकर जे शहाळे घेऊन येतो, त्यातही पोटॅशियम भरपूर. स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, तर ते शहाळे पाहुण्यांनाच प्यायला द्यावे. एकादशी-चतुर्थीचा कडक उपवास आणि पाण्याची गोळी यांचेही जमत नाही. मधुमेह असून डॅपाग्लिफ्लोझिन चालू असणाऱ्यांनी तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय राहू नये.

चालण्याने अनुकंपी तंतू शांत होतात, हे व्यायामाच्या अभ्यासांत दिसले आहे, म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर रोज चालावे. दरवर्षी पालखी पुण्यात मुक्कामाला आली, की कोणी ना कोणी विचारते, ‘‘यंदा दिवे घाट चढू का?’’ घाट पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे; आधी सारसबागेच्या सपाट फेऱ्या जमू द्याव्यात. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी चढावरही फारशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळातील ठोक्यांवरून श्रम मोजू नयेत. शेजारच्याशी अखंड वाक्य बोलता येते ना, एवढे पाहावे. वाक्य मध्येच तुटू लागले, की थांबावे, कट्ट्यावर बसावे आणि त्या दिवशी तिथूनच परतावे.